टूलबॉक्स कोणता घ्यावा? एका पेटीचा इतिहास आणि तुमचा रिसर्च क्वेश्चन

पीएच.डी.ची तयारी करणारे विद्यार्थी मला बहुतेक वेळा पहिला प्रश्न साधनाबद्दल विचारतात. एक्सआरडी वापरू की रामन? सर्व्हे घेऊ की मुलाखती? पायथन शिकू की आर? आज या प्रश्नाचं थेट उत्तर देत नाही. त्याऐवजी एका पेटीचा इतिहास सांगते. पेटी म्हणजे अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यात हत्यारं ठेवायला बसवतात ती टूलबॉक्स.

ही पेटी माझ्या आयुष्यात आली ती माझ्या मावसभावामुळे. तो टेक्सासमध्ये डॅलसच्या बाजूला घरांवर सोलर पॅनल बसवण्याचं काम करतो. गेल्या वर्षी त्याने जुना पिकअप घेतला आणि मला फोन केला, "अगं, तू मटेरियल सायन्सवाली ना? टूलबॉक्स ॲल्युमिनियमची घेऊ की स्टीलची?" मी दोन मिनिटांत उत्तर दिलं. ॲल्युमिनियमची घनता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश. ताठरपणाही तेवढाच कमी, म्हणून पत्रा थोडा जाड घ्यावा लागतो. पण पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे जाडी साधारण 1.4 पट केली की काम भागतं. हिशेब केलात तर तेवढ्याच ताठ पेटीचं वजन स्टीलच्या निम्म्याच्या आसपास येतं. वर गंजाची कटकट नाही. "डोळे मिटून ॲल्युमिनियम घे, दादा."

त्याने घेतली. केबिनच्या मागे, हौद्याच्या तळावर बसणारी, 20 इंच रुंदीची. हौदा साडेपाच फुटी, म्हणजे 66 इंच. पेटी बसल्यावर उरले 46. त्याचं नेहमीचं पॅनल साधारण 65 इंच लांब. आठवड्याने फोन आला, "पेटी मस्त आहे गं, पण आता पॅनल कुठे ठेवू?" पेटी परत पाठवण्याचा खर्च त्याच्याच माथी बसला.

माझं गणित बरोबर होतं. पण तो दिवसभर काय करतो, हौद्यात आणखी काय नेतो, पेटीतलं काय किती वेळा काढतो, यातलं काहीच मी विचारलं नाही. मग मी या पेटीचा इतिहास वाचायला घेतला. त्यात जे दिसलं ते आपल्या कामाचं आहे.

पेटी डाव्या बाजूला का होती?

पिकअपच्या आधी घोडागाड्या होत्या. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वस्त्यांमधून कोनेस्टोगा नावाची मोठी मालवाहू गाडी पुढे आली. कापडी छप्पर, होडीसारखा मध्ये खोलगट तळ, ओढायला चार ते सहा घोडे. या गाडीला हत्यारांची एक छोटी लाकडी पेटी असायची आणि ती डाव्या बाजूला ठोकलेली असायची.

डाव्याच बाजूला का? कारण गाडीवान गाडीत बसतच नसे. तो डाव्या अंगाने चालायचा, डावीकडच्या घोड्यावर बसायचा, नाहीतर डावीकडेच बाहेर ओढून घेता येणाऱ्या एका फळीवर टेकायचा. वाटेत काही बिघडलं तर हात पोहोचायला हवा तो तिथून. आतली सगळी जागा मालासाठी. म्हणजे पेटीची जागा ठरवली ती गाडीवानाच्या जागेने.

इथे संशोधनाची एक गोष्ट लक्षात ठेवा. या पेट्या आज संग्रहालयांमध्ये पाहायला मिळतात आणि त्यांच्या बिजागऱ्यांवर सुंदर लोहारकाम असतं. ते पाहून "त्या काळच्या सगळ्याच पेट्या इतक्या सुंदर होत्या" असं लिहायचा मोह होतो. पण देखणी वस्तू लोक जपतात, साधी वस्तू चुलीत जाते. आपल्यापर्यंत पोहोचलेला नमुना हा गाळून आलेला नमुना असतो. तुमच्या डेटालाही हाच प्रश्न विचारा. जे हाती आलं नाही, ते का आलं नाही?

गुडनाइटची मागची पेटी

1866 मध्ये टेक्सासचा पशुपालक चार्ल्स गुडनाइट हजारो गुरं घेऊन न्यू मेक्सिकोकडे निघणार होता. गुराख्यांना रोज उघड्यावर जेवण द्यायचं होतं. त्याने लष्कराची एक जुनी दणकट गाडी घेतली आणि तिच्या मागच्या टोकाला उभी पेटी बसवली. त्यात खण होते, कप्पे होते. पेटीचं झाकण खाली पाडलं की त्यालाच पाय लागून टेबल तयार. हीच 'चक वॅगन'.

ही पेटी मागे, कारण हा स्वयंपाकी चालता चालता काही काढत नव्हता. गाडी थांबली की तो मागे उभा राहायचा आणि तासन् तास तिथेच काम करायचा. त्याला नुसती साठवणीची जागा नको होती, ओटा हवा होता. कोनेस्टोगाची पेटी अडचणीसाठी, गुडनाइटची रोजच्या कामासाठी. यातली कोणती चांगली, असं कुणी विचारलं तर उत्तर देता येणार नाही.

हौद्याचा आकार बदलला

1917 मध्ये फोर्डने मॉडेल टीटी ही एक टनी चासी विकायला आणली. तिच्यावर मागची बॉडी ज्याची त्याने बांधून घ्यायची. साध्या मॉडेल टी मोटारींच्या मागेही लोक सुताराकडून खोकी बसवून घेत होते. 1925 मध्ये कंपनीने स्वतःच पोलादी हौदा लावलेली मॉडेल टी बाजारात आणली. किंमत 281 डॉलर. कारखान्यातूनच तयार होऊन आलेला फोर्डचा हा पहिला पिकअप.

त्या काळी आणि नंतरही बरीच वर्षं हौदा अरुंद असायचा, कारण मडगार्ड बाहेर असायचे. 1955 मध्ये शेव्हरोलेने कॅमिओ कॅरिअर या मॉडेलला बाहेरून फायबरग्लासचे सपाट पत्रे लावले. 1957 मध्ये फोर्डने 'स्टाइलसाइड' नावाने पूर्ण रुंदीचा पोलादी हौदा दिला. हौदा रुंद झाला, पण चाकं कुठेतरी जायलाच हवीत. ती हौद्याच्या आत आली आणि दोन्ही बाजूंना फुगवटे तयार झाले. मोठ्या पिकअपमध्ये या दोन फुगवट्यांमधलं अंतर 48 इंचांपेक्षा थोडं जास्त ठेवतात, कारण तिकडे प्लायवूड 4 बाय 8 फुटांचं मिळतं.

इथे टूलबॉक्सची खरी अडचण सुरू होते. तळावर पेटी ठेवली तर प्लायवूडची जागा जाते. म्हणून दोन्ही कडांवर आडवी टेकणारी 'क्रॉसओव्हर' पेटी सोयीची ठरते. ती कडांवरून आत लोंबते, पण तळापर्यंत येत नाही. खालून प्लायवूड सरकवता येतं. फुगवट्यांच्या वर कडेला लांबट पेट्या बसवणाराही एक वर्ग आहे. त्यांना जमिनीवर उभं राहूनच पाना हाती लागायला हवा असतो. चोरीची भीती असलेल्याला जाड पत्रा आणि आतून झाकलेलं कुलूप हवं. जो तो आपल्या कामाप्रमाणे निवडतो.

हौद्याच्या कडांवर चौकोनी खाचाही असतात. लाकडी खुंट उभे करून माल बांधायच्या त्या जागा, घोडागाडीच्या काळातली पद्धत. आज त्याच खाचांमध्ये हूक अडकवून भोक न पाडता काही पेट्या बसवता येतात. म्हणजे जुन्या प्रश्नाचं उत्तर नव्या प्रश्नाला उपयोगी पडलं. संशोधनात असं सतत होतं, म्हणून जुने पेपर वाचायचे.

पुढे घरच्यांसाठी चार दारांची केबिन आली आणि हौदा आखूड झाला. आठ फुटी हौद्यात 20 इंची पेटी सुमारे पाचवा हिस्सा खाते. साडेपाच फुटीमध्ये तीच पेटी जवळपास तिसरा हिस्सा खाते. पेटी बदलली नाही, तिची किंमत बदलली. मग कंपन्यांनी पेटी गाडीतच लपवायला घेतली. 2006 च्या होंडा रिजलाइनमध्ये हौद्याच्या तळाखाली कुलूपबंद कप्पा आला, तर 2009 च्या डॉज रॅममध्ये 'रॅमबॉक्स' नावाने हौद्याच्या भिंतींमध्येच.

आणि धातूचा प्रश्न?

1884 मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड बसवला, तेव्हा तो धातू चांदीसारखा महाग होता. दोनच वर्षांनी, 1886 मध्ये, अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल हेरू यांनी स्वतंत्रपणे विद्युत-विघटनाची पद्धत शोधली आणि ॲल्युमिनियम स्वस्त होत गेलं. पोलादी हौद्यात ॲल्युमिनियमची पेटी हे दृश्य त्यामुळेच शक्य झालं. थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात अशा राज्यांत तिचा फायदा मोठा. मात्र खारट पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की गॅल्व्हॅनिक गंज धरतो, म्हणून मध्ये रबराची पट्टी हवी.

2015 च्या मॉडेलपासून फोर्डने एफ-150 ची बॉडीच ॲल्युमिनियमची केली. 2016 मध्ये शेव्हरोलेने जाहिरात काढली. फोर्डच्या आणि आपल्या पोलादी हौद्यात एकेक रिकामी टूलबॉक्स कडेवरून ढकलली. ॲल्युमिनियमला भोक पडलं, पोलादाला पोचा आला. प्रयोग खोटा म्हणता येत नाही. पण तो एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: टोकदार वस्तू अशी पडली तर कोणता पत्रा फाटतो? वजन, इंधन, गंज यांबद्दल तो गप्प आहे. आणि प्रश्न कोणी निवडला, हे बघा. कुठलाही पेपर वाचताना निष्कर्षाआधी हे तपासा.

आता तुमच्याकडे वळते

हे सगळं दादाच्या पॅनलपुरतं असतं तर लिहिलं नसतं. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसच्या शीर्षकात प्रश्नाऐवजी एका तंत्राचं नाव होतं. ते यंत्र आमच्या विभागात नवीन आलं होतं आणि मला चालवता येत होतं, एवढंच कारण. आठ महिने मी नमुने मोजत राहिले. प्रगती अहवालाच्या दिवशी समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, "यातून तुला कळायचं काय आहे?" मला सांगता आलं नाही. ते आठ महिने प्रबंधात कुठेही नाहीत.

म्हणून सिनॉप्सिस लिहायच्या आधी वहीत तीन ओळी लिहा. मला नेमकं काय कळून घ्यायचं आहे? त्यासाठी कोणती माहिती, कुठून, किती वेळा काढावी लागेल? आणि ती मिळवण्यासाठी माझी कोणती जागा, म्हणजे वेळ, पैसा, दुसरा डेटा, मी सोडायला तयार आहे? या तीन ओळी लिहून झाल्या की चौथ्या ओळीत साधनाचं नाव लिहा. पहिल्या तीन रिकाम्या असतील तर चौथीला हात लावू नका, गाईडने कितीही घाई केली तरी.

दादाने नंतर क्रॉसओव्हर पेटी घेतली. पॅनल आता तिच्याखालून आडवं सरकतं. पेटी स्टीलची आहे. जवळच्या दुकानात तीच होती, आणि या वेळी त्याने मला फोन करण्याआधी हौदा टेपने मोजला होता.