लो-रेंज गिअर
फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या ट्रान्सफर केसमधील वेग उतरवून ओढ वाढवणारी गिअरजोडी. पहिला गिअर, ट्रान्सफर केस व डिफरन्शियल यांच्या गुणोत्तरांचा गुणाकार म्हणजे क्रॉल रेशो. निवड करताना तोच पाहावा. साध्या जीप रँग्लरमध्ये लो-रेंज बराच काळ २.७२:१ असे, २००३ च्या रँग्लर रुबिकॉन आवृत्तीने ते ४:१ वर नेले. खडकांवर हा मोठा आकडा सोन्यासारखा : गाडी मुंगीच्या पावलांनी चढते, क्लच जळत नाही, उतारावर इंजिनच वेग आवरते. वाळूत आणि खोल चिखलात मात्र चाकाला वेग लागतो. तिथे ४:१ नडतो, गिअर भराभर संपतात. मोठे टायर बसवले की ओढ घटते, हे हौशी मंडळी हमखास विसरतात.