लिनक्सवर पुन्हा ‘डॉस’: जुन्या दफ्तराची नवी किल्ली

काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी खूण, हेच एकेकाळी कार्यालयीन संगणकाचे रूप होते. पत्रे वर्डस्टारमध्ये, हिशेब १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ मध्ये आणि सभासदांच्या याद्या डीबेसमध्ये ठेवल्या जात. वर्डपरफेक्टची गाजलेली ५.१ ही आवृत्ती १९८९ची. विंडोजची ६४ बिटांची आवृत्ती मात्र असे १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवत नाही. परिणामी दफ्तर शाबूत, पण किल्ली हरवलेली, अशी अनेकांची अवस्था होते. लिनक्सवर ही किल्ली विनामूल्य उपलब्ध आहे.

‘डॉसबॉक्स’ २००२ साली प्रथम प्रसिद्ध झाले. ते प्रोसेसर, स्मृती, पडदा यांची आणि खुद्द डॉसचीही नक्कल करते. त्यामुळे डॉसची स्वतंत्र प्रत लागत नाही. एका फोल्डरमध्ये जुना प्रोग्रॅम व फाइली ठेवाव्यात आणि ‘माउंट’ या आज्ञेने त्या फोल्डरला ‘सी’ ड्राइव्ह बनवावे. हीच आज्ञा सेटिंगच्या फाइलमधील ‘ऑटोएक्झेक’ विभागात लिहिली, की ती दर वेळी टंकित करावी लागत नाही. फाइलचे नाव आठ अक्षरे व पुढे तीन, या जुन्या मर्यादेत ठेवणे श्रेयस्कर.

डॉसबॉक्सची निर्मिती मुख्यतः खेळांसाठी झाली, हे विसरू नये. कंट्रोल व एफ-९ या कळा एकत्र दाबल्यास ते तत्काळ बंद होते आणि जतन न केलेला मजकूर जातो. वर्डपरफेक्ट ५.१ मध्ये नेमक्या याच कळा याद्या जुळवण्यासाठी व क्रम लावण्यासाठी आहेत! त्यामुळे कळांची मांडणी आधीच बदलून घ्यावी. मूळ डॉसबॉक्समध्ये छपाईची सोय नाही. ती ‘डॉसबॉक्स-एक्स’ या शाखेत आहे. ‘डोसेमू-२’ हा आणखी एक पर्याय. कॅनडातील विज्ञानकथाकार रॉबर्ट सॉयर यांनी २०२४ साली वर्डस्टार ७ आणि ते चालवण्याची साधने एकत्र करून सर्वांसाठी खुली केली.

मराठी मजकुराची अडचण निराळी आहे. डॉसच्या काळात देवनागरीसाठी सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसवले जाई. या कार्डाची नक्कल डॉसबॉक्स करत नाही. म्हणून अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. मजकूर मात्र नष्ट झालेला नसतो. तो ‘इस्की’ संकेतांत असल्यास ‘आयसीयू’ या मुक्त साधनसंचाच्या साह्याने युनिकोडमध्ये आणता येतो.

केवळ माहिती हवी असेल, तर लिब्रेऑफिस डीबेस व वर्डपरफेक्टच्या फाइली थेट उघडते. मात्र जुन्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेली गणिते व अहवाल पाहायचे असतील, तर मूळ प्रोग्रॅमच चालवावा लागतो.

सर्वांत निकडीचे काम फ्लॉपींचे आहे. त्यांवरील चुंबकीय थर काळानुसार निकामी होतो. प्रोग्रॅम उद्याही मिळेल. पण संस्थेची सभासद-नोंदवही किंवा वडिलांचे अप्रकाशित हस्तलिखित एकाच फ्लॉपीवर असेल, तर ते दुसरीकडे कोठेही मिळणार नाही. म्हणून आधी प्रत काढावी, मूळ फ्लॉपी जपून ठेवावी आणि सारे प्रयोग प्रतीवरच करावेत.