गोळीचे नाक चपटे का?

काडतूस म्हटले की आपल्याला हटकून १८५७ आणि चरबीची गोष्ट आठवते. एनफिल्डची ती काडतुसे कागदी होती. दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. पुढे पितळेची पुंगळी आली. बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू, तोंडाशी गोळी. असे सगळे एकत्र बांधले गेल्यावर बंदुकीतच काडतुसांचा साठा ठेवणे सोयीचे झाले.

अमेरिकेत कोल्ट कंपनीने १८८४ मध्ये 'लायटनिंग' रायफल आणली. नळीखालची मूठ मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर, पुढे ढकलली की नवे काडतूस आत. हीच पंप-ॲक्शन. काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत, प्रार्थनेच्या रांगेतल्या मुलांसारखी एकामागे एक. पुढच्या टोकाची स्प्रिंग त्यांना मागे रेटत असते.

खरी मेख इथेच आहे. प्रत्येक गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेले. ते अणकुचीदार असले आणि धक्क्याने टोपीवर आपटले, तर काडतूस तिथेच उडू शकते. नेम धरणाऱ्याचा एक हात नेमका त्या नळीवर असतो! म्हणून .४४-४० सारख्या काडतुसांत गोळीचे नाक चपटे ठेवत.

नाक चपटे असले की भागले, असेही नाही. काडतुसाची लांबी मापात हवी. जास्त लांब झाले तर ते वर उचलणाऱ्या भागात मावत नाही आणि बंदूक अडते. स्प्रिंगच्या रेट्याने गोळी पुंगळीत मागे सरकू नये म्हणून पुंगळीची कड गोळीवरच्या खाचेत दाबून बसवावी लागते. गोळी निवडणाऱ्याला आजही आकार, लांबी आणि ही पकड, तिन्ही पाहावी लागतात.

मात्र चपटे नाक हवेला अडते. १८९८ मध्ये फ्रान्सने लेबेल रायफलसाठी, १९०५ मध्ये जर्मनीने आणि १९०६ मध्ये अमेरिकेने टोकदार गोळी स्वीकारली. ती दूरवर वेग टिकवते. लेबेलची काडतुसे तर नळीतच असत. म्हणून फ्रेंचांनी काडतुसाच्या बुडावर टोपीभोवती गोल खाच ठेवली, मागच्या गोळीचे टोक त्यात टेकावे म्हणून.

पंप-ॲक्शनसाठी जॉन पेडरसनने वेगळी वाट काढली. १९१२ च्या रेमिंग्टन मॉडेल १४ मध्ये त्याने साठ्याच्या नळीलाच पीळ दिला. काडतुसे किंचित तिरपी राहतात आणि गोळीचे टोक टोपीवर न येता बाजूला टेकते. १९५२ च्या मॉडेल ७६० मध्ये पेटीसारखे मॅगझीन आले. काडतुसे एकावर एक बसू लागली आणि प्रश्नच मिटला.

मला या इतिहासात एक गोष्ट बोचते. इतकी बुद्धी खर्च झाली ती बंदूक धरणाऱ्याचा हात वाचावा म्हणून. गोळीच्या वाटेत जो उभा असेल, त्याच्यासाठी मात्र प्रत्येक सुधारणा वाईटच बातमी होती. शाळेत आपण शोधांची सनावळी पाठ करून घेतो. कोणाची सोय झाली आणि कोणावर बेतले, हेही त्याच ओळीत लिहायला हवे.