मॉस्कोची खीर

साल 1986, मे महिना. तुझं वय नऊ. गुडघ्यावर खपली, खिशात आजोबांनी दिलेली पाचाची नोट. नगर वाचनालयात सोव्हिएत पुस्तकांचं प्रदर्शन लागलंय. लोकवाङ्मय गृहाची माणसं बाकांवर चादरी अंथरून पुस्तकं मांडतायत. एका टोकाला लेनिनचे खंड; तिथं झब्बेवाले काका रेंगाळतात. तुझं तिकडे काही काम नाही. सरळ दुसऱ्या टोकाला जा.

हात लाव, कुणी ओरडत नाही. शाळेच्या पुस्तकाचं पान थुंकी लावून उलटताना फाटतं. हे जाड आहे, गुळगुळीत आहे, फाटायचं नाही. नाक खुपसून बघ, शाईचा वास अजून ताजा. पानभर अस्वल, अंगात शर्ट, समोर सामोवर. सामोवर म्हणजे काय ते कुणाला विचारत बसू नकोस. तोटी आहे, वाफ आहे, म्हणजे चहाचंच काहीतरी.

आता ते उचल: ‘देनिसच्या गोष्टी’. लेखक व्हिक्टर द्रागुन्स्की, मराठी अनिल हवालदारांचं. चादरीच्या कडेला फरशीवरच बस. देनिसच्या पुढ्यात आईनं रव्याची खीर ठेवलीय. संपवलीस तर क्रेमलिन बघायला जाऊ, असं कबूल केलंय. खीर घशाखाली उतरत नाही. तो मीठ घालतो, साखर घालतो, शेवटी बरणीतली तिखट चटणी ओततो. आता तर ती तोंडात धरवेना. मग आई स्वयंपाकघरात असतानाच वाडगा खिडकीबाहेर रिकामा! आई खूश. तेवढ्यात दारात पोलीस, आणि त्याच्याबरोबर फोटो काढायला निघालेला एक गृहस्थ, ज्याच्या हॅटवरून खीर ओघळतेय.

तू मोठ्यानं हसतोस. झब्बेवाले वळून बघतात. बघू देत.

इतकी देखणी पुस्तकं इतक्या स्वस्तात का मिळतात? मॉस्कोचं सरकार त्यात पैसा ओततं, आणि उगाच ओतत नाही. पण ज्यांनी कुणी हा हिशेब मांडला, त्यांच्या हातून देनिस कसा निसटला कोण जाणे. क्रांतीबिंतीशी त्याचं देणंघेणं नाही. नावडतं खाणं आणि आईचा धाक, एवढंच त्याचं राजकारण. खरं तर मॉस्को आपलीशी वाटली ती त्याच्यामुळेच. खंडांना ते कधी जमलं नाही.

1991 मध्ये सोव्हिएत संघच मोडला आणि अशी पुस्तकं यायची थांबली. ते तुला आज सांगून उपयोग नाही. पाचाची नोट दे, पुस्तक घे, उरलेली चिल्लर मोजून घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उपम्याची ताटली पुढ्यात ठेवून ओट्याकडे वळते. तू खिडकीतून खाली वाकतोस. बोळातून दूधवाला येतोय, डोक्यावर पांढरी टोपी.

“काय रे, खिडकीत काय करतोयस?”

“काही नाही गं, आई. गार करतोय.”