परळचे उंदीरघर आणि तळोज्याचा शेजार

तळोजा म्हटले की रासायनिक कारखाने आणि कासाडी नदीचे प्रदूषण एवढेच डोळ्यांपुढे येते. पण लागूनच, खारघरमध्ये, टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था आहे. २००२ साली ती या नावाने इथे उभी राहिली, तरी तिचे मूळ १९५२ मध्ये परळला सुरू झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये आहे. डॉ. वसंत खानोलकरांच्या त्या संस्थेत कमल रणदिवे यांनी उंदरांचे वाण पाळून स्तनाच्या कर्करोगात अनुवंश, संप्रेरके आणि विषाणू यांचा संबंध तपासला. पेशी वाढते ती कुणाच्या हुकमावरून, हा त्या कामाच्या मुळाशी असलेला प्रश्न. प्रोस्टेटच्या कर्करोगातील ‘ग्रोथ फॅक्टर’चा, म्हणजे पेशीला वाढीचा इशारा देणाऱ्या द्रव्याचा, अभ्यास नवा, आधुनिक म्हणून मिरवला जातो, माझ्या मते तो याच जुन्या प्रश्नाचा पुढचा टप्पा आहे.

परळचे टाटा रुग्णालय उघडले त्याच वर्षी, १९४१ मध्ये, शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवले की पुरुषी संप्रेरक बनवणारे वृषण काढले की पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग ओसरतो आणि रक्तातील ॲसिड फॉस्फटेज उतरते. पण आजार पुन्हा उलटे. मग समज झाला की पेशींना आता पुरुषी संप्रेरकाची गरजच उरली नाही. १९९४ मध्ये ऑस्ट्रियातील झोरान चुलिग आणि सहकाऱ्यांनी त्याला धक्का दिला: प्रयोगशाळेतील पेशींत इन्सुलिनसारख्या ग्रोथ फॅक्टरने, संप्रेरक नसतानाही, त्या संप्रेरकाचाच ग्राहक (रिसेप्टर) जागा केला. म्हणजे कुलूप तेच, किल्ली दुसरी.

यावर आक्षेप येतो की बशीतल्या पेशी म्हणजे रुग्ण नव्हे, आणि दुसऱ्या एका ग्रोथ फॅक्टरचा ग्राहक रोखणारे जेफिटिनिब हे औषध प्रोस्टेटच्या रुग्णांत फारसे चाललेच नाही. आक्षेप रास्त आहे. मात्र अनेक गाठींत पीटेन हे जनुक हरवलेले असते. ते गेले की पेशीच्या आतला संदेश वरून आदेश न येताही चालू राहतो, मग बाहेरचे दार लावून काय होणार? शिवाय २०११ मध्ये मान्यता मिळालेल्या ॲबिराटेरोन या औषधाने शरीरातील उरलेसुरले संप्रेरक आटवून रुग्णांचे आयुष्य वाढवले. संप्रेरक आणि ग्रोथ फॅक्टर यांतला एकच खरा मानणे त्यामुळे टिकत नाही.

रणदिवेंचे काम स्तनावरचे, प्रोस्टेटवरचे नव्हे. तिथून इथवर सरळ रेघ ओढता येत नाही, हे कबूल. तरी ॲक्ट्रेकचा इतिहास २००२ पासून मोजणे चूकच. तो परळच्या उंदीरघरापासून धरावा लागेल.