अंतर कुणाचं कमी झालं?

१९९६ च्या आपल्या दहावीच्या वर्गात भूगोलाच्या पेपरसाठी एक प्रश्न हमखास घोटून घेतला जायचा, 'सुएझ कालव्याचे महत्त्व लिहा.' उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ होतं. भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र जोडले गेले, आफ्रिकेला वळसा घालायची गरज उरली नाही, भारत आणि युरोप यांतलं अंतर सुमारे सात हजार किलोमीटरनं कमी झालं, व्यापार वाढला. पाच गुण. एकदा मी हे उत्तर उभं राहून घडाघडा म्हणून दाखवलं. सरांनी ऐकून घेतलं आणि खडू हातात फिरवत विचारलं, "हे सारं बरोबर आहे. पन मले सांग, अंतर कोनाचं कमी झालं?" मी गप्प. मागच्या बाकावरून कुणीतरी "जहाजाचं, सर" म्हणालं आणि वर्ग हसला. सरही हसले, पण उत्तर त्यांनी दिलं नाही. बेल झाली.

हा प्रश्न पुढे पंचवीस वर्षं मला आठवलाही नाही. अमरावतीला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरीला लागले आणि फिरत फिरत जहाजांच्या वेळापत्रकांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीममध्ये येऊन पडले. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' नावाचं चारशे मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं. २३ तारखेला अडकलं, २९ ला सुटलं. त्या सहा दिवसांत आमच्या स्क्रीनवर कालव्याच्या दोन्ही तोंडांशी ठिपके साचत गेले, अगदी बडनेरा स्टेशनच्या बाहेर सिग्नलला मालगाड्या उभ्या राहाव्यात तसे. चारशेहून जास्त जहाजं थांबली होती. त्या अडकलेल्या जहाजावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय होते, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. रात्री दोन वाजता कितव्यांदा तरी पोहोचण्याच्या तारखा नव्यानं मोजताना मला सरांचा तो खडू आठवला.

मग वाचायला लागले. वाचता वाचता जे सापडलं ते आपल्या खामगाव-अमरावतीपाशी येऊन थांबलं, म्हणून स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला.

आधी कालव्याबद्दल थोडं. इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात आवडलेली गोष्ट एका चुकीची आहे. नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला तेव्हा, १७९९ च्या सुमारास, त्याच्या माणसांनी या जागेची मोजणी केली आणि तांबडा समुद्र भूमध्य समुद्रापेक्षा सुमारे १० मीटर उंच आहे असा निष्कर्ष काढला. म्हणजे कालवा खणला तर दरवाजे बांधावे लागणार, नाहीतर पाणी धो धो उतरणार. हा आकडा जवळजवळ पन्नास वर्षं टिकला. १८४७ मध्ये पुन्हा काळजीपूर्वक मोजणी झाली तेव्हा दोन्ही समुद्र जवळपास एकाच पातळीवर निघाले. पहिल्या माणसाचं गणित कुणी तपासलंच नव्हतं. आमच्या धंद्यातही हे रोज घडतं, फक्त समुद्राएवढं नसतं.

फर्डिनांड द लेसेप्स हा काही इंजिनिअर नव्हता, फ्रेंच वकिलातीतला माणूस होता. इजिप्तचा राज्यकर्ता सैद पाशा याच्याशी जुनी ओळख. त्या ओळखीवर १८५४ मध्ये परवाना मिळाला, १८५८ मध्ये कंपनी निघाली आणि २५ एप्रिल १८५९ ला पहिली कुदळ पडली. कोणाच्या हातात? इजिप्तच्या शेतकऱ्यांच्या. वेठबिगार. एका वेळी वीसेक हजार माणसं गावागावांतून आणायची, त्यांची पाळी संपली की दुसरी आणायची. वाळवंटात प्यायला पाणी नाही म्हणून जहाजांच्या कालव्याआधी नाईल नदीचं गोडं पाणी आणणारा वेगळा कालवा खणावा लागला.

आणि इथे कापूस येतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. भाव तिप्पट-चौपट झाले. ज्या भावानं आपल्या वऱ्हाडाला वेड लावलं, त्याच भावानं इजिप्तलाही लावलं. शेतात माणसं हवी असताना ती कालव्यावर वेठीला पाठवणं तिथल्या नव्या राज्यकर्त्याला, इस्माईलला, परवडणारं नव्हतं. वेठबिगारीवर इंग्लंडनंही ओरड चालवली होती, अर्थात दयेपोटी कमी आणि कालवा फ्रेंचांचा म्हणून जास्त. १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या लवादानं वेठ बंद झाली आणि त्याबदल्यात इजिप्तनं कंपनीला ८.४ कोटी फ्रँक मोजायचे असं ठरलं. मग वाफेवर चालणारी गाळ उपसायची यंत्रं आली. सात कोटी घनमीटरहून जास्त माती-वाळूपैकी फार मोठा भाग या यंत्रांनी शेवटच्या काही वर्षांत काढला. १७ नोव्हेंबर १८६९ ला कालवा उघडला. लांबी १६४ किलोमीटर, खोली ८ मीटर, तळाशी रुंदी अवघी २२ मीटर, आणि कुठेही दरवाजा नाही.

आता वऱ्हाड. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. त्याच वर्षी मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली. हे दोन्ही एका वर्षात यावेत हा योगायोग असेलही, पण मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना काळ्या मातीचा हा प्रदेश आणि तिथवर जाणारे रूळ दोन्ही हवे होते, आणि ते त्यांनी लपवलेलं नव्हतं. त्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवरून जायचा, आणि तोही मुंबईलाच जायचा असं नाही. अमरावतीहून सुमारे ५०० मैलांवर गंगेकाठी मिर्झापूर, तिथून नावेनं कलकत्ता. १८४२ मध्ये एकट्या एका व्यापाऱ्यानं या वाटेनं एक लाख बैलांवर कापूस लादून पाठवला अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. एक लाख बैल! अमरावतीच्या जुन्या पेठांतून जाताना मला आता त्यांची धूळ दिसते.

१८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचली. पण मुख्य मार्ग खामगाव आणि अमरावती या दोन्ही मोठ्या कापूसपेठांना थोडा बाजूला ठेवून गेला होता. म्हणून जलंब ते खामगाव आठ मैलांचा आणि बडनेरा ते अमरावती सहा मैलांचा असे दोन तुकडे सरकारनं खास कापसासाठी जोडले. खामगावचा फाटा मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं स्वतः येऊन उघडला. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय आठ मैलांच्या रुळासाठी खामगावला! तारखा शेजारी ठेवून पाहा. नोव्हेंबर १८६९ ला सुएझ, मार्च १८७० ला खामगाव, आणि जून १८७० पर्यंत मुंबई ते लंडन समुद्राखालची तार. आठ महिन्यांत कापसाची वाट, जहाजाची वाट आणि भावाची वाट, तिन्ही मोकळ्या झाल्या.

त्या आधीही टपाल आणि प्रवासी इजिप्तमार्गे जातच होते. अलेक्झांड्रिया ते सुएझ रेल्वे १८५८ पासून होती. पण कापूस म्हणजे हलका आणि जागा खाणारा माल. जहाजातून उतरव, गाडीत चढव, पुन्हा जहाजात भर, हा खर्च त्याला सोसत नसे. म्हणून तो शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालत तीन-चार महिने जायचा. कालव्यानं मुंबई ते लंडन अंतर सुमारे साडेदहा हजार सागरी मैलांवरून सव्वासहा हजारांवर आणलं. मात्र तांबड्या समुद्रातले वारे शिडांना प्रतिकूल, त्यामुळे या वाटेनं आगबोटच हवी. आगबोटीत जागा महाग, म्हणून गाठ जितकी घट्ट तितका फायदा. वाफेच्या प्रेसा खामगाव, अमरावती, अकोल्यात आल्या त्या यासाठी. ३९२ पौंडांची एक गाठ, दोन गाठींची एक खंडी. आजही भाव बोलताना जी खंडी म्हणतात ती हीच, ३५६ किलोची. माझे आजोबा अकोटकडच्या एका जिनात काट्यावर होते. ते 'गठान' म्हणायचे, आणि गठानीवर हात थापून आवाजावरून ती नीट दाबली आहे की नाही ते सांगायचे.

रॅली ब्रदर्स, वोलकार्ट ब्रदर्स अशा परदेशी पेढ्या खामगावात उतरल्या. परदेशच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला नाव काय होतं माहीत आहे? 'ऊमरा'. म्हणजे उमरावती, आपली अमरावती. लिव्हरपूलच्या दलालाला अमरावती नकाशावर दाखवता आली नसती, पण 'फाइन ऊमरा'चा भाव त्याला झोपेतही सांगता आला असता.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. पाठ केलेलं उत्तर असं सुचवतं की कालवा झाला आणि व्यापार वाढला. वऱ्हाडात कापसाची मोठी लाट कालव्याच्या आधीच येऊन ओसरली होती. १८६१ ते १८६५ या वर्षांत लोकांनी म्हणे गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत १८६५ मध्ये पेढ्या आणि बँका बुडाल्या. कालवा आला तो त्यानंतर, उतरत्या भावाच्या काळात. आणि लँकेशायरला आपला आखूड धाग्याचा कापूस तसाही नावडता. अमेरिकेचा मिळू लागताच त्यांनी आपल्याकडे पाठ फिरवली. कालव्यानं दुसरंच काहीतरी केलं. ट्रिएस्ट, जिनोआ, मार्सेय ही भूमध्य समुद्राकाठची बंदरं मुंबईला एकदम जवळ आली आणि आपला कापूस युरोपच्या इतर देशांतल्या गिरण्यांकडे वळला. पुढे १८९३ पासून जपानी बोटी थेट मुंबईहून कापूस नेऊ लागल्या, त्यांना तर सुएझची गरजच नव्हती. म्हणून वऱ्हाडापुरतं बोलायचं तर कालव्यापेक्षा ते आठ आणि सहा मैल मला जास्त महत्त्वाचे वाटतात. सरांनी यावर किती गुण कापले असते कोण जाणे.

इजिप्तचं काय झालं तेही सांगते. कापसाच्या तेजीच्या भरवशावर इस्माईलनं कर्ज काढलं होतं. भाव उतरले, व्याज उतरलं नाही. १८७५ मध्ये त्यानं कालव्याचे आपले सगळे शेअर, जवळजवळ ४४ टक्के, इंग्लंडला ४० लाख पौंडांना विकले. १८८२ मध्ये इंग्रज फौज इजिप्तमध्ये शिरली. ज्या देशानं माणसं दिली, जमीन दिली, त्याच्या हाती कालवा यायला १९५६ साल आणि नासर यावा लागला.

हे वाचताना मला आमच्या घरची गोष्ट आठवत होती, फार छोट्या मापातली. वऱ्हाडात इंग्रजी पद्धतीची जमाबंदी झाल्यावर जमीन विकता आणि गहाण टाकता येऊ लागली. तेजीत सावकार हात सैल सोडायचा, मंदीत आवळायचा. ज्वारीच्या रानात कापूस आला, घरचं धान्य विकतचं झालं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत वऱ्हाड होरपळलं, तेव्हा रूळ होते, कापूस जात होता, कालवा उघडा होता. आजोबांच्या आजोबांचं अकोटकडचं वावर त्याच सुमारास गहाण पडलं ते सुटलंच नाही. म्हणून आजोबा कापूस पिकवणारे न राहता कापूस तोलणारे झाले, आणि कदाचित म्हणूनच त्यांची नात आज शेतात नसून स्क्रीनसमोर आहे. याचं वाईट वाटून घ्यावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर सर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर, एकोणतीस वर्षं उशिरानं. अंतर खरेदी करणाऱ्याचं कमी झालं. लिव्हरपूल आणि ट्रिएस्टचा माणूस खामगावच्या बाजारात येऊन बसला. विकणाऱ्याला मात्र बैलगाडी जुंपून रात्रभर चालत तिथवर यायचंच होतं, आणि तो पोहोचायच्या आधी तारेनं भाव पोहोचलेला असायचा. वाहतुकीत वाचलेल्या पैशातला काही भाग त्यालाही मिळाला असेल. नसता मिळाला तर कापसाखालचं क्षेत्र इतकं वाढलं नसतं. पण भाव कुठे ठरतो ते तो पाहू शकत नव्हता. माझा आकोटचा मामेभाऊ आज मोबाइलवर न्यूयॉर्कचा वायदा पाहतो. दिसतो त्याला सगळा भाव. अडत्याशी घासाघीस करताना त्याचा किती उपयोग होतो असं विचारलं तर म्हणाला, "ताई, आधी न पाहता रडत होतो, आता पाहून रडतो."

१९६७ च्या युद्धात कालवा आठ वर्षं बंद होता, तरी जग चाललं. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कित्येक कंपन्यांची जहाजं पुन्हा आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि आमच्या टीमला दहा-दहा, चौदा-चौदा दिवसांच्या फरकानं सगळी वेळापत्रकं बदलावी लागली. दीडशे वर्षांपूर्वीचं अंतर एका आठवड्यात परत आलं.

मूर्तिजापूरला आजोळी जाताना आपल्यातल्या अनेकांनी शकुंतला पाहिली असेल, कापसासाठीच टाकलेली ती अरुंद गाडी. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं, म्हणजे आपण आठवीत असेपर्यंत. आता गाडी धावत नाही. माझ्याकडे तिचा एकही फोटो नाही. कुणाकडे तिचे, किंवा खामगाव-अकोल्याच्या जुन्या प्रेसचे फोटो असतील तर मेळाव्याला घेऊन या. सर येणार आहेत असं ग्रुपवर वाचलं. भिंतीवर टांगायला मी नकाशा आणते आहे, खडू मात्र कुणीतरी आणा.