अमरज्योती

प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ सालचा हिंदी समुद्रपट. दिग्दर्शक व्ही. शांताराम. दादासाहेब फाळके यांनी ‘सेतुबंधन’ (१९३२) या चित्रपटातून पुराणातला समुद्र पडद्यावर आणला. ‘अमरज्योती’तला समुद्र मात्र बंडाचा आहे. नवऱ्यापासून वेगळी झालेली सौदामिनी मुलाचा ताबा मागते आणि राज्याचा कायदा तो नाकारतो. मग ती चाचेगिरी पत्करते. न्याय नाकारणारा मंत्री दुर्जय जहाजासह तिच्या हाती लागतो, तेव्हा ती त्याचा पाय तोडते. त्याच जहाजावर राजकन्या नंदिनीही सापडते. दुर्गा खोटे यांची सौदामिनी ताठ आणि करारी आहे, तरी मुलाच्या आठवणीने आतून पोखरलेली. त्या काळच्या पडद्यावर अशी नायिका विरळाच. चंद्रमोहन यांचा दुर्जय मुख्यतः डोळ्यांनी बोलतो. नंदिनीच्या भूमिकेत शांता आपटे आहेत. कथा के. नारायण काळे यांची. प्रभातचे पुणे समुद्रापासून दूर, पण तिथल्या कलावंतांनी जहाजांचे जग उभे केले. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातही हा चित्रपट दाखवला गेला.